खांड पडली, तिवर उगवले. सातबारा मात्र भाताचाच

रायगडच्या खारेपाटात पाऊस जवळ आला की दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक बियाण्याची आणि दुसरी बांधाची. बियाणे उशिरा का होईना मिळते. बांधाचे तसे नाही. ज्येष्ठ-आषाढातल्या अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, वरून पाऊस आणि समोरून वारा असा तिन्हीचा मेळ जमला की बाहेरकाठ्याला कुठेतरी खांड जाते आणि शे-दोनशे एकरांत खारे पाणी फिरते. पेपरात दोन ओळी येतात, पंचनामा होतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हे जुनेच दुखणे आहे. नवे काय आहे ते सांगतो. पूर्वी खांड पडली तर एक-दोन हंगाम जायचे, बांध घातला की दोन-तीन पावसाळ्यांत जमीन ताळ्यावर यायची. आता खांड दोन-तीन वर्षे तशीच राहिली तर शेतात तिवर उगवते, आणि तिवर एकदा पुरुषभर उंच झाले की ती जमीन शेतकऱ्याच्या हातून गेल्यासारखीच. सातबाऱ्यावर नाव त्याचे, जमीन भाताची, आणि प्रत्यक्षात उभे आहे ते कांदळवन. अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंडपासून पेणच्या खाडीकाठापर्यंत ही स्थिती कोणालाही बांधावरून चालत जाऊन बघता येईल.

यावरून गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, तिवर हा शेतीचा शत्रू, तोडा. दुसरा म्हणतो, झाड वाचले पाहिजे, शेती काय, ती तरी कुठे परवडते? माझ्या मते दोघेही चुकीच्या जागी भांडतात. बांधाच्या बाहेरचे तिवर आणि बांधाच्या आतले तिवर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक गावाने कागदावर वेळेत नोंदवला नाही म्हणून आजचा घोळ आहे.

बांधाच्या बाहेर काय आहे?

शेतकऱ्याला आपल्या शेताची इंच न् इंच माहिती असते, पण बाहेरकाठ्यापलीकडच्या खाजणाकडे तो 'पडीक' म्हणून बघतो. खाजण पडीक नाही. तिथेही पट्टे पडलेले आहेत, जसे आपल्याकडे वरकस, माळ आणि भातखाचर असतात तसे. खाडीच्या अगदी तोंडाशी, रोज दोन वेळा पाणी चढते-उतरते तिथे, चिप्पी आणि कांदळ. चिप्पी म्हणजे पांढऱ्या फुलांची, चपट्या चांदणीसारख्या फळाची. हिलाच २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्ष जाहीर केले. त्याच्या मागे तिवर, ज्याची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. ही मुळे श्वासासाठी असतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड नाक वर काढून उभे राहते. तिवराचे पान चाटून बघा, खारट लागते. झाड आत घेतलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते. काटेरी पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची मरांडी काठाकाठाने असतेच. आणि जिथे फक्त उधाणाचेच पाणी पोचते, त्या उंचवट्यावर झाड नाही. तिथे मोरस आणि धापा या मांसल पानांच्या बुटक्या वनस्पती गालिच्यासारख्या पसरतात. मोरसाची कोवळी पाने उकळून, खारे पाणी टाकून देऊन भाजी करणाऱ्या बायका अजून आहेत.

मोरस कुठे वाढते यावर लक्ष ठेवावे, कारण ती आपल्याला फुकट माती परीक्षण करून देते. बांधाच्या आत, भाताच्या खाचरात मोरस दिसू लागली की समजायचे, बांधाच्या पोटातून पाणी झिरपते आहे किंवा उघाडीची झडप नीट बसत नाही. खांड पडायच्या आधीची ही सूचना आहे. मातीची विद्युत वाहकता ४ डेसिसायमनच्या पुढे गेली की शास्त्रीय भाषेत जमीन खारवट ठरते. भाताला ३ च्या पुढेच त्रास सुरू होतो. मोरसेला त्याचे काही वाटत नाही, उलट तिला तेच हवे असते.

जनावरांचे म्हणाल तर खाजण म्हणजे खाडीचे गोठेघर. कोळंबी, बोय, जिताडा यांची पिल्ले तिवराच्या मुळांत वाढतात, मोठ्या माशांना तिथे शिरता येत नाही म्हणून. निवट्या चिखलावर उड्या मारतात. चिंबोरी बिळात. कोल्हा रात्री खेकडे खायला बाहेर पडतो; खारेपाटात ज्याने रात्री बांधावर राखण केली आहे त्याला कोल्ह्याची ओरड नवी नाही. दिवाळीच्या मागे-पुढे उत्तरेकडून तुतवार, चिखले असे पाहुणे पक्षी उतरतात आणि होळीनंतर निघतात. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांमुळे २०१५ साली तिथे अभयारण्य झाले आणि २०२२ साली ती खाडी रामसर यादीत गेली. आपल्या धरमतरच्या खाडीला तशी पाटी नाही, पण पाहुणे येतात.

जिताड्याचे थोडे जास्त सांगितले पाहिजे, कारण खारेपाटात त्याला मान आहे. घरी जावई आला, साहेब आला, की तळ्यातला जिताडा. हा मासा खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात वितो, पिल्ले पावसाळ्यात गोड्या पाण्याकडे चढतात. आपले लोक पिढ्यान् पिढ्या ती पिल्ले खाडीतून धरून घराजवळच्या तळ्यात सोडत आले. गंमत म्हणजे हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळे मोठे जिताडे उपसून काढले तर अंडी घालणारे कोणी उरत नाही. पिल्ले कमी मिळतात अशी तक्रार ऐकू येते, त्यामागे खाडीतले प्रदूषण आहेच, पण हेही एक कारण आहे.

आता बांधाशी याचा संबंध. बाहेरच्या तिवराची रांग लाटेचा जोर मोडते आणि गाळ धरून ठेवते. बांधाच्या पायथ्याशी गाळ साचला की बांध टिकतो. जिथे बाहेरचे तिवर जळणासाठी किंवा भरावासाठी गेले, तिथे लाट थेट मातीवर आपटते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, म्हणजे उधाणाच्या तोंडावर. अशा वेळी बांधापुढे झाडांची भिंत असणे आणि नसणे यात किती फरक पडतो, हे ज्याच्या त्याच्या शेतावरून ज्याने त्याने ठरवावे.

खेकड्यांचीही बाजू आहे. चिंबोऱ्या आणि उंदीर बांध पोखरतात, त्या भोकातून पाणी वाहू लागते, आणि उधाणात त्याचीच खांड होते. म्हणून जुनी माणसे भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते तेव्हा, बांधावरून फिरून बिळे बुजवत. हे काम हल्ली कोण करते? फगाने चिंबोऱ्या धरणारी पोरे बांधावर दिसतात, त्यांना बिळे कुठे आहेत ते बरोबर ठाऊक असते. ग्रामपंचायतीने त्यांनाच विचारावे.

बांध कोणाचा?

खारजमीन आयती मिळालेली नाही. खाडी हटवून ती माणसाने केली. जुन्या काळी शिलोत्री पद्धत होती, बाहेरचा बांध राखायची जबाबदारी ठरलेली होती आणि त्याबद्दल बिघ्यामागे धान्य घेतले जाई. पुढे खोत वरचढ झाले. राबणारे कूळ बांध घालायचे आणि पीक खोताकडे जायचे. त्याविरुद्ध चरीचा संप १९३३ साली सुरू झाला, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली, आणि तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे लोकांनी शेते पेरली नाहीत. ज्या जमिनीसाठी आजोबा-पणजोबा उपाशी राहिले तीच जमीन आज नातवंडांच्या डोळ्यांदेखत खाडीत जाते आहे, म्हणून तिथल्या माणसाचा आवाज चढतो. ते समजून घेतले पाहिजे.

१९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनीचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला. बांधांच्या योजना शासनाकडे गेल्या. चांगले झाले, पण त्याचा एक परिणाम असा झाला की गावाची 'आपला बांध' ही भावना सैल पडली. आधी खांड पडली की घरटी माणूस टोपली-फावडे घेऊन जायचा. आता आधी अर्ज जातो. अर्ज जायला आठ दिवस, पाहणीला महिना, अंदाजपत्रक, निधी, निविदा. तोवर दोन उधाणे होऊन दहा फुटांची खांड शंभर फुटांची होते. जो बांध योजनेत नाही, खासगी आहे, त्याला तर वालीच नाही.

गोव्याच्या खाजणांत याला एक जुनी युक्ती होती. तिथे उघाडीला मानस म्हणतात. मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव व्हायचा, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. मासा आणि भात एकाच बांधावर जगायचे. पुढे माशाचे पैसे भातापेक्षा जास्त झाले तेव्हा खारे पाणी मुद्दाम आत घेण्याचे प्रकारही झाले, हेही खरे. तरी बांधाची देखभाल बांधाच्याच उत्पन्नातून ही कल्पना आपल्या ग्रामपंचायतींनी विचारात घेण्यासारखी आहे.

त्यात समुद्र वर येतो आहे. जगाची सरासरी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण पंचवीस वर्षांत ते नऊ सेंटिमीटर होते, आणि आपले जुने बांध भरतीच्या वर तेवढीच ओंजळभर उंची राखून उभे आहेत. शिवाय खाडीकाठी कुठेही भराव झाला की पाण्याला पसरायची जागा कमी होते, ते दुसरीकडे चढते.

कायदा काय म्हणतो

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातील कांदळवनतोडीला बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल दिला. त्याचा गाभा असा: कांदळवन सागरी नियमन क्षेत्राच्या पहिल्या, सर्वांत कडक वर्गात येते, भोवतीचे ५० मीटर मोकळे ठेवायचे, आणि जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी तोड करता येत नाही. सार्वजनिक हिताचे काम असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये वीस हजारांहून अधिक झाडे तोडायची परवानगी अशीच मिळाली.

इथे शेतकरी विचारतो, रेल्वेला वाट मिळते, मग माझ्या दहा गुंठ्यांना का नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की रेल्वेमागे मोजणी, झाडांची संख्या, नकाशे आणि वकील उभे होते. गावाकडे खांड कधी पडली याची साधी तारीखही लिहिलेली नसते. सागरी नियमन अधिसूचनेत खारे पाणी शिरू नये म्हणून करायच्या बांधकामांना, उघाड्यांना सवलत आहे; सगळेच दार बंद नाही. पण अर्ज खारभूमी विभागामार्फत रीतसर गेला पाहिजे आणि त्यात 'ही जमीन अमुक साली लागवडीखाली होती, अमुक तारखेला बांध फुटला' हे पुराव्यानिशी आले पाहिजे.

रात्री जाऊन तिवर तोडायचा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नका. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली प्रकरण होते, उपग्रहाच्या चित्रात तोड दिसते, आणि मूळ मागणीच बदनाम होते.

आणखी एक. देशाच्या वन अहवालांत महाराष्ट्राचे कांदळवन २०१७ साली ३०४, २०१९ साली ३२० आणि २०२१ साली ३२४ चौरस किलोमीटर दाखवले आहे. वाढ झाली म्हणून कौतुक झाले. झाड वाढले याचा मलाही आनंद आहे. पण यात बुडालेली भातखाचरे किती, हा रकाना त्या अहवालात नाही. तो रकाना तलाठ्याने, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, कृषी खात्याने आणि ग्रामपंचायतीने मिळून गावापुरता भरता येतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

गावाने काय करावे

तिवराचे बी पावसाळ्यात गळते, पाण्यावर तरंगत येते आणि उघड्या चिखलात महिन्याभरात मूळ धरते. म्हणजे जूनमध्ये पडलेली खांड दिवाळीपर्यंत उघडी राहिली की रोपे आलीच. म्हणून खांडीची खरी मुदत चार महिन्यांची आहे, आर्थिक वर्षाची नाही. खांड पडताच त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीचा ठराव, तारीख, गट नंबर, फोटो, आणि खारभूमी विभाग, तहसील, कृषी या तिघांना पोच घेऊन पत्र. तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात हे आपण जाणतो; पोच हातात असली की बोट दाखवणे अवघड जाते. जुन्या खांडीचा पुरावा हवा तर गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रे बघता येतात, गावातले कॉलेजचे पोरगे अर्ध्या तासात काढून देईल.

ई-पीक पाहणीत खारे पाणी शिरलेल्या गटांची नोंदच बरेच जण करत नाहीत. 'पीक नाही तर काय नोंदवू?' चालू पड म्हणून नोंदवा, फोटोसह. नोंद न केलेली जमीन कागदावर अदृश्य असते.

विम्याची नवी बाब लक्षात घ्या. भात बुडाल्याचे नुकसान २०१८ साली स्थानिक आपत्तीतून वगळले होते. ते खरीप २०२६ पासून पुन्हा घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. एक रुपयातला विमा मात्र २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, हप्ता भरावा लागतो. सूचना ७२ तासांत द्यायची. बांध फुटणे ही आपत्ती की देखभालीतली कसूर, असा वाद कंपनी काढू शकते. म्हणूनही वरचा ठराव आणि पावसाआधी दिलेले दुरुस्तीचे पत्र जवळ ठेवावे.

खांड बांधल्यानंतरची शेती. पहिल्या वर्षी पिकाची घाई नको. आपल्याकडे दोन-अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोच सगळ्यात स्वस्त औषध. खाचरात पाणी साठवा, ओहोटीला उघाडीतून सोडा, पुन्हा साठवा. जिप्समच्या गोण्या टाकण्याआधी माती तपासा. आपली किनाऱ्याची जमीन बहुतेक ठिकाणी खारवट आहे, चोपण नाही, आणि खारवट जमिनीला जिप्समचा उपयोग होत नाही. पैसे पाण्यात जातात. कापणीनंतर लगेच नांगरट केली तर उन्हाळ्यात मीठ वर चढत नाही. बियाणे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे, पनवेल १, २ किंवा ३. काळा राता, भुरा राता हे जुने वाण ज्यांच्या कणगीत अजून असतील त्यांनी ते मोडू नयेत. पाणी तुंबून राहणाऱ्या खाचरात मोड आलेले बी फेकायची रहू पद्धत त्यांना मानवते.

आणि जिथे तिवर आता डोक्याच्या वर गेले आहे? तिथे भात परत येईल असे मी कोणाला सांगणार नाही. तिथे भरपाईची मागणी आणि खाडीतले उत्पन्न हे दोनच मार्ग दिसतात. खाडीच्या नुकसानीला किंमत असते हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली मान्य केले. उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई देण्याचा आदेश झाला होता, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. शेतकऱ्यांचा दावा तितक्या नेटाने, आकडे घेऊन मांडला गेलेला नाही. उत्पन्नासाठी २०१७ पासून कांदळवन कक्षाची उपजीविका योजना आहे: चिंबोरीपालन, पिंजऱ्यातला जिताडा, कालवे. गटाला ९० टक्के आणि एकट्याला ७५ टक्के अनुदान. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती लागते. चिंबोरीपालनात बीज वेळेवर मिळणे ही अडचण येते, आणि पिंजऱ्याला राखण लागते, हे आधीच धरून चाला. एकट्याने उडी घेण्यापेक्षा पाच-सहा घरांचा गट बरा.

जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती एकदा भरून कपाटात आहे. ती काढा आणि तिच्यात बांधाच्या बाहेरचे खाजण आणि आतले तिवर वेगवेगळे लिहा, गट नंबरासह. जिताड्याची पिल्ले कुठे मिळतात, मोरस कुठवर आली, निवट्या धरणाऱ्या बायका कुठल्या चिखलात उतरतात, हे सगळे त्यात यावे. ग्रामसभेला विषय घ्यायचा तर वैशाखातच घ्यावा. ज्येष्ठाच्या पहिल्या उधाणाआधी भांगाचे दिवस दोनदाच हाती येतात, आणि उघाडीच्या झडपा, बिळे आणि खचलेली जागा बघायला तेच दिवस उपयोगाचे.